आधार कोणता?

दिवाळीच्या सुटीत मास्तरांकडे जे जुने विद्यार्थी येतात ते फराळाला येतात. एखादी चकली मोडायची, नोकरीधंद्याचे चार शब्द सांगायचे, वाकून नमस्कार करायचा आणि पुढच्या घरी जायचे, असा रिवाज आहे. तीन वर्षांपूर्वी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली, ती मात्र हातात कागदांची गुंडाळी घेऊन आली. पुण्याला कॉलेजात ती इतिहास घेऊन बी. ए. करीत होती. फराळाच्या ताटलीला हात लावण्याआधी तिने ती गुंडाळी माझ्यापुढे उलगडली. तिच्या प्राध्यापकांनी तपासून दिलेला निबंध होता तो. विषय, पेशवाईतील घरगुती जीवन. अक्षर पाचवीत मी गिरवून घेतलेले तेच, गोल आणि सुटे. तिसऱ्या पानावर एका वाक्याखाली तांबड्या शाईची रेघ होती आणि शेजारी समासात एकच शब्द: 'आधार?'

वाक्य असे होते, की थोरल्या माधवरावांच्या काळी पुण्यात घरोघरी छापील पंचांग असे.

"गुरुजी," ती म्हणाली, "हे तुमच्या कादंबरीतलं आहे. मी सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, मग गुरुजींना विचारून या, त्यांचा आधार कोणता. म्हणून आले."

माझी कादंबरी पेशवाईवर आहे, हे माझ्या दोनचारशे वाचकांना ठाऊक आहे. तीत १७७२ सालातला एक प्रसंग आहे. घरातील वडील माणसे कर्नाटकच्या स्वारीवर गेलेली, सासू आणि सून दोघीच वाड्यात, आणि सासू कोनाड्यातले छापील पंचांग काढून एकादशी कधी ते पाहते. हे वाक्य लिहिताना मला आपण काही विधान करीत आहोत असे वाटलेसुद्धा नव्हते. माझ्या आजोळी देवघराच्या कोनाड्यात पंचांग असे. त्याला हळदीकुंकवाची बोटे लागलेली असत. आजी ते काढी, डोळ्यांजवळ धरी आणि पुन्हा ठेवी. जे आजीच्या घरी होते ते आजीच्या आजीच्या घरीही असणारच, इतका साधा माझा हिशेब. आजीच्या घरातला तो कोनाडा मी उचलला आणि दोनशे वर्षे मागे नेऊन पेशव्यांच्या पुण्यात बसवला.

माझ्याजवळ आधार नव्हता. मी तसे सांगितले. मला वाटले ती हसेल. ती हसली नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तिने ते वाक्य लिहिले होते, आणि तांबडी रेघ तिच्या कागदावर पडली होती, माझ्या नव्हे. मास्तराला याहून मोठी शिक्षा कोणी करू शकत नाही.

"मग आपण दोघं मिळून शोधू या," ती म्हणाली. "ग्रंथालयात कसं शोधायचं ते आम्हांला पहिल्या वर्षी शिकवलंय. मलाही अजून नीट येत नाही. पण तुम्ही बरोबर असलात तर येईल."

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझे शिक्षण मॅट्रिकचे. आता त्या परीक्षेला कोणी मॅट्रिक म्हणत नाही, पण आमच्या गावात तोच शब्द चालतो. विसाव्या वर्षी मी एकदा मोठ्या शहरातल्या एका ग्रंथालयात गेलो होतो. टेबलापाशी बसलेल्या गृहस्थांनी विचारले, "कोणत्या कॉलेजात?" मी म्हणालो, "कॉलेजात नाही." त्यांनी वर न पाहता बोटाने वर्तमानपत्रांचे टेबल दाखवले. मी अर्धा तास तिथे बसून आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचले आणि एस. टी.ने घरी आलो. त्यानंतर वाचनालयातून कादंबऱ्या पुष्कळ आणल्या, पण जिथे संदर्भग्रंथ असतात त्या खोलीचा उंबरा मी वीसबावीस वर्षे ओलांडला नव्हता. ती खोली आपली नव्हे, असे मनाशी ठरवून टाकले होते.

सुटी संपल्यावर एका शनिवारी आम्ही पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात गेलो. या खेपेला कोणी कॉलेज विचारले नाही. नाव लिहिले, पिशवी बाहेर ठेवली आणि आत शिरलो. डांबराच्या गोळ्यांचा वास, उंच कपाटे, भिंतीला टेकवलेली शिडी, आणि एका कोपऱ्यात लहान लहान खणांचे एक लाकडी कपाट. शेजारी संगणकही होता. ग्रंथपालबाई म्हणाल्या, नवी पुस्तके संगणकात सापडतील, पण जुनी सगळी अजून त्यात चढलेली नाहीत. त्यांच्यासाठी खण उघडा.

मी सरळ खणाकडे निघालो, तर मुलीने मला थांबवले. "आधी प्रश्न लिहायचा, गुरुजी." तिने वहीत लिहिले, 'मराठी छपाईचा इतिहास', मग स्वतःच ते खोडले. म्हणाली, एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढे मोठे कपाट लागेल. दुसऱ्यांदा लिहिले, 'मराठी पंचांग प्रथम कोणी, कुठे आणि कोणत्या साली छापले?' हा प्रश्न एका दुपारीत मावण्यासारखा होता. जन्मभर मी मुलांना उत्तरे नीट लिहायला शिकवले. प्रश्न नीट लिहायचा असतो, हे मला त्या दिवशी कळले.

'पंचांग' या शब्दाखाली जी कार्डे निघाली ती सारी मुहूर्तांची आणि ज्योतिषाची. अर्धा तास गेला. मी हिरमुसलो. ती म्हणाली, "आपला शब्द आणि कार्ड लिहिणाऱ्याचा शब्द एक असेलच असं नाही." मग आम्ही 'छपाई' पाहिले, काही नाही. 'मुद्रण' पाहिले, आणि खण भरलेला निघाला. आपण ज्याला छापणे म्हणतो त्याला सूचीकार मुद्रण म्हणतो. एवढीशी गोष्ट, पण तिच्यामुळे माणसे रिकाम्या हाताने परत जातात आणि ग्रंथालयात काही मिळत नाही असे गावभर सांगतात.

कार्डावरचा आकडा घेऊन कपाटाशी गेलो तर आम्हांला हवे होते त्या पुस्तकाच्या डाव्याउजव्या बाजूला त्याच विषयाची आणखी चारपाच पुस्तके उभी होती. मला तो योगायोग वाटला. तो योगायोग नसतो. १८७६ साली अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी साऱ्या ज्ञानाचे दहा भाग पाडून प्रत्येकाला आकडा दिला. साहित्याला ८००, इतिहासाला ९००, असे. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आणून संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था लावली. आणि मद्रासेत प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे एक मास्तर १९२४ साली तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ते शियाळी रामामृत रंगनाथन. त्यांनी पुढे स्वतःची वर्गीकरणाची पद्धत बसवली, आणि १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्या सूत्रांचा मतलब घरगुती भाषेत सांगायचा तर, पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसते, वापरण्यासाठी असते; प्रत्येक वाचकासाठी कुठेतरी एक पुस्तक असते आणि प्रत्येक पुस्तकाचा कुठेतरी एक वाचक असतो; आणि वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथपालाचे काम. यात कुठेही वाचक कोणत्या कॉलेजातला, हे विचारलेले नाही. हे सूत्र विसाव्या वर्षी मला ठाऊक असते तर मी त्या टेबलापाशी आणखी थोडा वेळ उभा राहिलो असतो.

पुस्तके टेबलावर आली. मी पहिले पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतले. मास्तराची सवय! मुलीने ते माझ्या हातातून हळूच घेतले आणि शेवटून उघडले. मागे नामसूची होती. 'पंचांग' शब्दापुढे दोन पृष्ठांक. ती दोन पाने उघडली आणि उत्तर समोर आले: गणपत कृष्णाजी, मुंबई, १८३१.

ज्यांना हे नाव नवे असेल त्यांच्यासाठी सांगतो. गणपत कृष्णाजी हे मुंबईतले भंडारी समाजातले गृहस्थ. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता त्यांनी ही विद्या पाहून घेतली आणि स्वतःचा छापखाना काढला. प्रथम शिळाप्रेस, पुढे खिळे. छापील मराठी पंचांग त्यांनी १८३१ साली, म्हणजे शके १७५३ मध्ये, काढले. त्या काळी छापलेल्या कागदाला शिवायला सोवळी माणसे भीत, कारण शाईत चरबी असते असा बोभाटा होता. म्हणून धर्मग्रंथ छापताना शाईत चरबीऐवजी तूप घालीत, असे सांगतात. आजीच्या कोनाड्यातल्या त्या पंचांगाला देवघरात जागा मिळायला किती खटपट पडली असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला ते देवाइतकेच जुने वाटत होते.

१७७२ आणि १८३१. एकोणसाठ वर्षांचा फरक. माझी सासूबाई जे पंचांग उघडीत होती, ते छापणारा माणूस अजून जन्मालासुद्धा आला नसेल.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण मुलगी म्हणाली, पानाखालची टीप पाहू या. टिपेत गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' होते. दुसरे पुस्तक उघडले. तिथेही १८३१, तिथेही टिपेत माडगावकर. तिसऱ्यात टीपच नव्हती, पण मजकूर इतका सारखा, की तो कुठून आला हे सांगायला टीप लागू नये. मी म्हणालो, "तीन साक्षीदार झाले." ती म्हणाली, "नाही गुरुजी, एकच. बाकीचे दोघे त्याचंच ऐकून सांगताहेत." गावकीच्या तंट्यात मी कितीदा हे पाहिले होते! सारी आळी एकच गोष्ट सांगते आणि शेवटी निघते की ती एकाच ओसरीवरून निघालेली असते. पुस्तकांचीही आळी असते, हे मात्र नवे होते.

मग आम्ही माडगावकर मागवले. हे पुस्तक १८६३ सालचे. लेखकाचा जन्म १८१५चा; म्हणजे पहिले पंचांग निघाले तेव्हा तो सोळा वर्षांचा असेल आणि बत्तीस वर्षांनी तो ते लिहीत होता. त्याला गणपत कृष्णाजींच्या छापखान्याची माहिती होती, आणि छापील कागदाला हात लावायला भिणारे लोक मुंबईत अजून आहेत, हेही त्याने नोंदवले आहे. पाहिलेल्या आणि ऐकलेल्या माणसाचे हे बोलणे. त्याच्या शब्दाला वजन का द्यायचे आणि किती द्यायचे, हे त्या मुलीने मला साल मोजून दाखवले.

तरी माझ्या मनातून कादंबरीतले ते वाक्य जाईना. मनुष्यस्वभाव! मी म्हणालो, "पण छापणे त्याआधीही असेलच की." आणि होतेच. अनंत काकबा प्रियोळकरांचा हिंदुस्थानातील छापखान्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९५८ सालचा आहे. माझे इंग्रजी मॅट्रिकचे, तिचे कॉलेजचे. दोघांनी मिळून लावले. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. भाषा मराठी, ओव्या मराठी, पण अक्षरे रोमन. मला आशा वाटू लागली. पुढे वाचले. १८०५ साली श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी मराठीचे व्याकरण छापले. त्याच साली मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. त्या उद्योगाचे मूळ नाना फडणिसांच्या पुण्यातले. मी म्हणालो, "पाहा, नाना फडणीस! म्हणजे पेशवाईत पुण्याला छपाई माहीत होती. मग एखादे पंचांग..."

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. "गुरुजी," ती म्हणाली, "आपण आधार शोधतोय की सुटका?"

मी गप्प बसलो. सोळाव्या वर्षी मी तिला हे विचारले असते तर तीही अशीच गप्प बसली असती.

संध्याकाळी निघण्याआधी ग्रंथपालबाईंनी आणखी एक ग्रंथ पुढे ठेवला. म्हणाल्या, हा पाहिल्याशिवाय जाऊ नका. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. पहिला भाग १९४३ साली निघाला, दुसरा १९६१ साली. १८०० सालापासून १९५० पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांची यादी. नाव, कर्ता, साल, पाने; एकामागून एक, विषयवार. आता अशी यादी म्हटली की एखादे सरकारी खाते डोळ्यांपुढे येते. सरकारही याद्या करीत होते. १८६७च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद होऊ लागली होती. परंतु सगळ्या महाराष्ट्राची पुस्तके एका जागी मांडण्याचे हे काम एका माणसाने उचलले. ठिकठिकाणची ग्रंथालये धुंडाळून, पुस्तके हाताळून, नोंदी करून. लोक त्यांना सूचिकार दाते म्हणत. आमच्या कादंबऱ्यांवर अभिप्राय येतात, हारतुरे होतात; यादी करणाऱ्याला कोण हार घालतो? पण त्या दिवशी आम्ही ज्या ज्या दारातून आत गेलो त्या प्रत्येक दारावर कोणीतरी असाच बसून खूण करून ठेवलेली होती. कार्ड लिहिणारा, नामसूची करणारा, पानाखाली टीप देणारा, यादी करणारा. त्यांच्यापैकी एकाने जरी कंटाळा केला असता तरी आम्ही तिथेच अडलो असतो.

मी ती सूची हातात घेतली आणि माझे लक्ष पुन्हा मुखपृष्ठावरच्या सालाकडे गेले. १८००. सूचीच मुळी तिथून सुरू होते, कारण त्याआधी सूचीत मांडावी अशी देवनागरी छापील पुस्तकेच नव्हती. माझी सासूबाई यादीच्या पहिल्या पानाच्याही अठ्ठावीस वर्षे अलीकडे उभी राहून छापील पंचांग वाचीत होती. याउपर बोलण्यासारखे काही उरले नाही.

एक फजिती सांगायची राहिली. घरी येऊन मी वही उघडली तर साऱ्या गोष्टी लिहिलेल्या, पण कोणती कुठल्या पुस्तकातली आणि कितव्या पानावरची, ते नव्हते. मुलीने मात्र एका कार्डावर एकच गोष्ट लिहिली होती आणि प्रत्येकाच्या खाली पुस्तक, आवृत्तीचे साल आणि पान. मी पुढच्या शनिवारी पुन्हा एस. टी.ने पुण्याला गेलो, केवळ पानांचे आकडे लिहून आणायला. त्या भाड्यात जे शिकलो ते विसरणार नाही.

तिने आपला निबंध पुन्हा लिहिला. छापील पंचांगाचे वाक्य काढले आणि जागी लिहिले, की मागील मसुद्यातील विधान एका कादंबरीवरून घेतले होते व ते चुकीचे आहे. कादंबरीकाराचे नाव तिने घातले नाही. मी म्हणालो, घाल. ती म्हणाली, "नको, गुरुजी."

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तो प्रसंग मी बदलला. पंचांग हाताने लिहिलेले, आणि तेही जोशीबुवांजवळ. मग सासूला एकादशी कळणार कशी? जोशीबुवा येतील तेव्हा. आणि ते तर चार दिवस आलेले नाहीत. म्हणून सून भिंतीवर कोळशाने रेघा ओढून दिवस मोजते. नवऱ्याच्या स्वारीचे दिवसही त्याच रेघांत मोजले जातात. पहिल्या आवृत्तीत सासूने कोनाड्यातून पंचांग काढले की प्रसंग संपत होता. आता दोघी वाट पाहतात. वाचकांची जी पत्रे आली त्यांत या रेघांचा उल्लेख बऱ्याच जणांनी केला. खोटे काढून टाकले म्हणजे कथा उघडी पडेल अशी मला धास्ती होती, झाले उलटेच.

वाचक म्हणतील, एका पंचांगासाठी एवढे? हा अंक आपल्या हाती आहे, शेजारी करंज्यांचा डबा आहे, मुले बाहेर फुलबाज्या उडवीत आहेत. दिवाळी अंकाशिवाय दिवाळी कशी, असे आपण सहज म्हणतो. पण काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. त्याआधीच्या दिवाळ्या अंकावाचूनच साजऱ्या झाल्या. जे आपल्या डोळ्यांदेखत आहे ते अनादि वाटते, आणि इतिहासातल्या निम्म्या चुका तिथूनच निघतात. त्या दुष्ट माणसांच्या नसतात, माझ्यासारख्या आजोळावर माया करणाऱ्या माणसांच्या असतात.

आता आमच्या वर्गात फळ्याच्या एका कोपऱ्यात मी तो शब्द लिहून ठेवला आहे. पुसायचा नाही, असे मुलांना सांगितले आहे. परवा सुटी लागण्यापूर्वी आकाशकंदिलाचे कागद कापता कापता मी मुलांना सांगू लागलो, की आकाशकंदिलाची चाल आपल्याकडे फार प्राचीन काळापासून, अगदी...

तिसऱ्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. हातात कात्री, नाकावर खळ. त्याने फळ्याच्या कोपऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"गुरुजी, आधार?"

मी म्हणालो, "बस. सुटी संपल्यावर सांगतो." आणि शनिवारच्या एस. टी.ची वेळ आठवू लागलो.